आधी काळी खिडकी

भांडण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे साहेब समोरच्याला स्वतःची नव्याने ओळख करून देत.

आदल्या दुपारी ज्या माणसाला त्यांनी, "तुम्हाला आम्ल आणि पाणी यांतला फरक कळतो, तो केवळ चटका बसल्यामुळे," असं ऐकवलेलं असे, त्याच्यापुढे सकाळी हात करून ते अत्यंत गंभीरपणे म्हणत, "नमस्कार. मी या प्रयोगशाळेचा प्रमुख. आपण?" माणूस नवखा असेल तर तो गोंधळून नाव सांगे आणि जुना असेल तर कंटाळून. नाव कानावर पडलं की साहेबांच्या दृष्टीने भांडण संपलेलं असे. ज्यांची ओळखच नाही अशा दोन माणसांमध्ये काल कोण चुकलं, हा प्रश्न उद्भवतच नाही.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट. ते पेणहून गाडीने येत. मी वरसे गावात खोली घेऊन राहत होते, पण तिथे फार काळ राहण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. मला संशोधन करायचं होतं. एका संशोधन संस्थेची शिष्यवृत्ती माझ्या डोळ्यांपुढे होती आणि वयाच्या अटीमुळे माझ्याकडे अर्जाची एकच संधी उरली होती. ती हुकली असती, तर बुरेटच्या काचनळीतून थेंब सोडत एकाच द्रावणाची आम्लता मोजत मोजत निवृत्त होण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून रुजू होताच मी हे साहेबांना सांगून टाकलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"तुम्ही जाणार, हे दिसतंच," ते म्हणाले. "बुरेट घाईत धुता."

प्रयोगशाळेत ते सर्वांना 'आपण' किंवा 'तुम्ही' म्हणत, झाडलोट करणाऱ्या बाईंपासून कंपनीच्या मालकापर्यंत. त्यांची भाषा इतकी इस्त्रीची होती, की हा माणूस पेणचा आहे यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे. संरक्षक चष्मा ते कपाळावर चढवत आणि गाडीतही तो तिथेच असे. खिशात लिटमसच्या पट्ट्या असत. कँटीनच्या ताकात ते रोज एक पट्टी बुडवत, तिचा रंग निरखत आणि मग प्यायचं की नाही ते ठरवत. कँटीनवाल्याला हा अपमान वाटे. साहेबांच्या मते ते परीक्षण होतं आणि अपमान हा त्यातून मिळणारा दुय्यम पदार्थ होता.

त्यांच्या सगळ्या विचारांचं मूळ एका साध्या रिवाजात होतं. रासायनिक परीक्षण करताना आम्ही आधी 'ब्लँक' लावतो. सगळी रसायनं तीच, भांडं तेच, क्रिया तीच, फक्त तपासायचा नमुना घालत नाही. त्यातून जो आकडा येतो तो आपल्या रसायनांचा, भांड्याचा आणि हाताचा दोष असतो. तो वजा केल्याशिवाय नमुन्याबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे प्रत्येक केमिस्टला माहीत असतं. साहेबांचं वेगळेपण एवढंच, की प्रयोगशाळेचं दार ओलांडल्यावरही ते हे विसरत नसत.

संगणकावर त्यांना त्यांचा ब्लँक तयारच मिळाला. ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडण्याची सोय असते, आमच्या संगणकावर ती काळी दिसे. ही काळी खिडकी उघडली की ब्राउझर मागचं सगळं विसरतो. तुम्ही आधी काय पाहिलंत, कुठे कोणत्या नावाने शिरलात, कोणत्या संकेतस्थळाने तुमच्याकडे ओळखीची खूण म्हणून कोणती कुकी ठेवली, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. सवलती शोधून देण्याचं आमिष दाखवून कुणीतरी बसवलेली उपद्रवी जोडकामंही, म्हणजे एक्स्टेन्शन्स, तिथे सहसा फिरकत नाहीत. ब्राउझर तोच, यंत्र तेच, फक्त भूतकाळ नाही. म्हणून कोणतंही संकेतस्थळ अडलं की साहेबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी काळी खिडकी."

आणि मागोमाग नियम येई. "काळ्या खिडकीत चाललं, तर दोष आपल्यात. तिथेही तीच एरर आली, तर दोष त्यांच्यात. आधी दोषाचा पत्ता, मग शिव्या. लोक उलट्या क्रमाने जातात."

नियम निर्दोष नाही, हे मी लगेच दाखवून दिलं. नेटच बंद असेल तर काळ्या खिडकीतही एरर येईल, पण दोष पलीकडचा नसेल.

"बरोबर," साहेब म्हणाले. "आपण हुशार आहात. हुशार माणसाने आधी वायर खोचलेली आहे का, ते पाहावं."

त्या दिवशी वायर खरोखरच निघालेली होती.

काळ्या खिडकीची समाजात जी ख्याती आहे, तिचा त्यांना एकदा फटका बसला. मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्या बाई पुण्याच्या होत्या. भर दुपारी प्रयोगशाळा प्रमुखाच्या पडद्यावर काळी खिडकी पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दार लोटून घेतलं. मी आतच होते, पण वजनकाट्यामागे असल्यामुळे त्यांना दिसले नाही.

"सर, तुम्ही खासगी खिडकीत नेमकं काय पाहता?"

"कोरेपणा," साहेब म्हणाले.

"मी गांभीर्याने विचारतेय."

"मीही. बाई, आपल्याला जी शंका आहे ती शास्त्रदृष्ट्या चुकीची आहे. ही खिडकी या यंत्राला विसरायला लावते, जगाला नव्हे. कंपनीच्या वायरीतून जे जातं ते कंपनीला दिसतंच. इथे लपायला येणं म्हणजे तोंडाला रुमाल बांधून स्वतःच्याच घराची कडी वाजवणं. आई दार उघडते आणि विचारते, जेवणार का?"

मी वजनकाट्यामागे हसले, तेव्हा बाईंना माझा पत्ता लागला. विषय बदलावा म्हणून त्यांनी तक्रार केली, की हजेरीचं संकेतस्थळ त्यांच्या यंत्रावर सकाळपासून उघडत नाही. साहेब त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि तिथे काळी खिडकी उघडली. संकेतस्थळ तत्काळ उघडलं.

"दोष आपल्यात आहे," साहेबांनी संपूर्ण विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांच्यापुढे हात केला. "नमस्कार. मी या प्रयोगशाळेचा प्रमुख. आपण?" त्यांनी घाबरून साहेबांना कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? साहेब म्हणाले, आधी ब्लँक लावा, एखाद्या निरोगी माणसाला हेच विचारा. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या नर्सबाईंना विचारलं. त्यांनी बुधवार सांगितला. डॉक्टरांनी गुरुवार असल्याचं सांगून त्यांना दुरुस्त केलं. खरोखर बुधवारच होता. साहेब स्मरणशक्ती उत्तम असल्याचा दाखला घेऊन परतले आणि ताकात लिटमस बुडवून ते प्यायले.

गाडीतही हेच. कासू स्टेशनावर चढणाऱ्या एका गृहस्थांशी त्यांचं राजकारणावरून रोज वाजे, आणि रोज सकाळी ओळख होई. त्या गृहस्थांना पुढे त्यात रस वाटू लागला. ते दरवेळी नवं नाव आणि नवा व्यवसाय सांगू लागले. साहेबांनी ते कधीही खोडून काढलं नाही. खासगी खिडकीत कोण काय नाव देतो याची चौकशी करायची नसते, म्हणाले.

हा उपचार एका ठिकाणी मात्र लागू पडत नव्हता. पेणला पापड घ्यायला गेले असता मी एकदा त्यांच्या घरी डोकावले. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, पोह्याचे पापड भाजले आणि साहेबांच्या देखत मला विचारलं, "तुमच्यात बी हात पुढं करतात काय गो सकाळी?"

"करतात. घरी करत नाहीत?"

"केला ना एकदा. लग्नाचं पहिलं वरीस होतं. रात्री भांडले आणि सकाळी म्हणाले, नमस्कार, आपण? मी म्हटलं, मी काल बोलत होते तीच, आणि माझं बोलणं अजून संपलं नाय." काकूंनी पापड उलटला. "त्यांच्या बाजूचं पुसून जातं गो. माझ्या बाजूला सगळं हाय ना जसंच्या तसं."

साहेब वर्तमानपत्रामागे होते. तिथून आवाज आला, "पापड करपतोय गो, बघ तिकडं." हे वाक्य मी कानात साठवून ठेवलं. प्रयोगशाळेतल्या इस्त्रीखाली काय आहे ते मला तेव्हा प्रथम दिसलं. शिवाय काकूंचं म्हणणं शास्त्रदृष्ट्या अचूक होतं. काळी खिडकी बंद केली की स्मृती पुसली जाते ती आपल्याच यंत्रातली. पलीकडच्या यंत्राला तुम्ही येऊन गेल्याचं ठाऊक असतंच.

आता माझ्या अर्जाविषयी.

अर्जाचा शेवटचा दिवस कामाचा होता आणि मुदत सायंकाळपर्यंत होती. मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबले, कारण विश्लेषण करणारी माणसं शेवटच्या दिवसापर्यंत विश्लेषणच करत राहतात. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या संगणकावर बसले. संकेतस्थळ मला नावानिशी आत घेई आणि क्षणात पुन्हा दाराबाहेर उभं करी. मी संस्थेला उद्देशून दोन-तीन गोष्टी बोलले. मागून आवाज आला, "आपण क्रम उलटा घेतला आहे."

काळी खिडकी उघडली. अर्जाचं पान निमूटपणे समोर आलं.

"दोष आपल्यात," साहेबांनी समाधानाने सांगितलं. कारणही लगेच सापडलं. आदल्या वर्षी याच संगणकावर, दुसऱ्या ईमेलने, मी एक अर्ज अर्धा भरून सोडून दिला होता. त्याची खूण ब्राउझरने जपली होती. दार उघडताच संकेतस्थळाला गेल्या वर्षीची मी दिसे, आणि नाव नव्या मीचं. दोघींपैकी कुणालाच आत न घेण्याचा निर्णय त्याने घेतला होता, आणि मला तो तर्कशुद्ध वाटला.

मी काळ्या खिडकीतच अर्ज भरायला घेतला. प्रमाणपत्रं चढवली. शेवटी मोठा चौकोन होता, त्यात आपण संशोधन का करू इच्छितो ते सविस्तर लिहायचं होतं. मी थेट त्या चौकोनातच लिहिलं. लिहून होत आलं, तोच प्लांटमधून फोन आला. रिअॅक्टरमधला नमुना तातडीने हवा होता. आमच्याकडे रसायनाच्या मोठ्या टाकीलाही रिअॅक्टर म्हणतात, वाचकांनी अणुभट्टी समजून घाबरू नये. नमुना घ्यायला मी स्वतः गेले, कारण त्या दिवशी माणूस कमी होता.

मी परतले, तर पडदा स्वच्छ होता. साहेब बुरेट धूत होते.

"इथली काळी खिडकी?"

"बंद केली. काम झाल्यावर उघडी ठेवायची नाही, हे आपल्याला ठाऊक आहे."

काळ्या खिडकीत लिहिलेलं कुठेही साठत नाही. ती मिटली की मिटली. त्या पानाने मध्ये मध्ये काही जपून ठेवण्याची सोय केलेली नव्हती. मी उघडून पाहिलं. चौकोन कोरा होता. प्रमाणपत्रंही नव्हती. त्यानंतर मी जे बोलले ते इथे देत नाही, पण शेजारच्या विभागातली माणसं दारात आली. त्यांच्यात प्लांटचे शिफ्ट इन्चार्जही होते. हे खाडीकाठच्या मिठागरांच्या गावचे, सगळे त्यांना दादा म्हणत. नमुन्याचा निकाल घ्यायला ते आले होते.

"माझं सगळं आयुष्य होतं त्या खिडकीत!"

"वापरलेली बुरेट कोणी भरलेली ठेवून जातं का?" साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, हे विशेष संतापजनक होतं. "मी दिसेल ती बुरेट रिकामी करतो आणि दिसेल ती काळी खिडकी बंद करतो. सगळे नियमाने वागले, तर कोणाचंही नुकसान होत नाही."

"माझं झालं!"

"नियमाबाहेर गेलात म्हणून."

दादांना राहवलं नाही. "तसं नाय ओ साहेब. टाकी साफ कराया मानूस उतरला, की आमी बटनाला लाल टॅग बांधतो. आत मानूस हाय, त्याचं नाव अमुक. तो वर येऊन सवताच्या हातानं काढंल तवाच बटन दाबायचं. मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाय. तुमच्या लॅबला तसला काय नियम हाय का?"

"खिडकीत कोणी उतरत नाही," साहेब म्हणाले आणि बुरेट स्टँडला उलटी लावली.

मी पुन्हा लिहायला बसले. दादांनी त्यांचा निकाल दुसऱ्या केमिस्टकडून घेतला आणि जाताना म्हणाले, "लिव गो ताय, लिव. आज तुला नमुना आनाया कोन सांगनार नाय." कोरं झाल्यावर लिहिलेलं दुसरं टिपण पहिल्याहून सरस उतरतं, अशी काही वाचकांची समजूत असेल. माझं उतरलं नाही. ते आखूड होतं, रागीट होतं आणि त्यात एक वाक्य अर्धवट राहिलं. तेवढं तरी वेळेत गेलं. मुदत संपायच्या अगदी तोंडावर पोच आली आणि मी साहेबांकडे न पाहता वरसेला निघून गेले. त्या अर्धवट वाक्यावर माझी एकुलती एक संधी टांगलेली होती, आणि ते अर्धवट राहण्याचं कारण हातरुमालाने बुरेट पुसत उभं होतं.

सकाळी ते दारातच होते. कपाळावर चष्मा, हात पुढे.

"नमस्कार. मी या प्रयोगशाळेचा प्रमुख. आपण?"

मी हात दिला नाही. "मी तीच. काल जिचा अर्ज पुसलात ती."

"आपली भेट झाल्याचं मला स्मरत नाही," ते ठरलेल्या पद्धतीने म्हणाले, आणि पुन्हा हात पुढे केला. "नमस्कार. मी या प्रयोगशाळेचा—"

"साहेब," मी म्हणाले, "काळी खिडकी लावून झाली. दोनदा झाली. माझ्याकडे एरर तीच येतेय. वायर खोचलेली आहे, मी पाहिलंय. आता आपल्याच नियमाने सांगा, दोष कुणात?"

पाळीवर जायला दादा तिथून निघाले होते, ते थांबले. कँटीनवाला चहाची किटली घेऊन आला होता, तोही थांबला. ताकाच्या अपमानाची भरपाई होण्याची शक्यता त्याला दिसली असावी. साहेबांनी हात मागे घेतला. एखादा आकडा अपेक्षेबाहेर आला की ते जसे नाकाने दीर्घ श्वास घेत, तसा घेतला. पळवाट शोधत होते, हे उघड होतं. पण नियम त्यांनी स्वतः घडवला होता आणि त्याला फट म्हणून जी एकमेव होती, ती वायरची, मी आधीच बुजवली होती.

"पहिली ओळ वाचली होती मी," ते अखेर म्हणाले. "बंद करायच्या आधी. 'लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती.' मला वाटलं, तुमचं आटोपलंय आणि मागून कोणा शिकाऊ मुलाने कुठून तरी उतरवलंय. तुम्ही असलं लिहाल, हे मनात आलं नाही."

क्षमायाचना आणि निंदा एका वाक्यात बसवण्याचा हा प्रकार मी अन्यत्र पाहिलेला नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांची इस्त्री उतरली.

"चुकलं गो माझं," साहेब म्हणाले.

कँटीनवाल्याने किटली खाली ठेवली.

साहेबांनी कोटाच्या खिशातून एक लाल टॅग काढला. प्लांटमधून मागून आणलेला असावा, त्याच्या सुतळीला चुन्याचा वास होता. त्यावर छापलेलं होतं, 'आत माणूस आहे. हात लावू नये.' खाली नावाच्या रेघेवर त्यांच्या कोरीव अक्षरात माझं संपूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. तो त्यांनी संगणकाच्या पडद्याला बांधला. म्हणजे हात पुढे करण्याआधीपासून टॅग त्यांच्या खिशात होता, आणि तरीही त्यांनी आधी काळी खिडकीच लावून पाहिली होती. अर्ज आदल्या दिवशीच गेलेला असल्यामुळे टॅगचा मला उपयोग शून्य होता. मी तसं त्यांना सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. भाषेला पुन्हा इस्त्री झाली होती.

अर्ज मंजूर झाला. त्या अर्धवट वाक्याबद्दल मुलाखतीत मला विचारलं गेलं. पुढे काय लिहायचं होतं? मी खरं ते सांगितलं, की वेळ संपली. समोरच्यांपैकी एक जण हसले आणि म्हणाले, संशोधनात असंच होतं. निघण्याच्या दिवशी कँटीनने सर्वांना ताक दिलं. साहेबांनी माझ्या पेल्यात लिटमस बुडवला, निरखला आणि "प्या," म्हणाले. मी बुरेट सावकाश धुतली. ते त्यांच्या लक्षात आलं. बोलले ते इतकंच, "टॅग राहिलाय. ज्याचा त्याने काढायचा असतो."

"राहू दे, साहेब."

"नियमाने आपण अजून आतच आहात, असं होईल."

"होऊ दे."

परवा दादांचा फोन आला. प्रयोगशाळेला नवा संगणक मिळालाय. साहेबांनी जुन्या पडद्याची सुतळी न सोडता टॅग तसाच उचलून नव्याला अडकवला. पुण्याच्या बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, या नावाची व्यक्ती तर कंपनी सोडून गेली, मग हे कशाला? त्यावरून दोघांचं इतकं वाजलं, की दादांना प्लांटमध्ये ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बाईंपुढे हात केला आणि कोण, कुठल्या, सगळं नव्याने विचारून घेतलं.

"आनि टॅग?" दादाच हसत म्हणाले. "त्यो काय काढीत नाय. बाईंनी ओलख झाल्यावर पुन्ना इचारलं, ही कोन? तर म्हनाले, आत गेलीय गो ती. येल तवा तीच काढंल." फोनवर प्लांटचा भोंगा ऐकू आला. "कवा येतेस?"